विश टाकून साधी वस्तू मागायची असेल तर काय मागावं आणि डीएमनं ती कशी द्यावी

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आपल्या नागपूरचाच ग्रुप आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी), म्हणजे फासे टाकून पात्रांची गोष्ट खेळायचा टेबलावरचा खेळ, त्याची पाचवी एडिशन खेळून राहिले, पार्टी सतराव्या लेव्हलला पोचली आणि विझर्डला (जादूगाराला) नुकतंच विश मिळालं, म्हणजे इच्छा पुरी करणारा सगळ्यात मोठा स्पेल (मंत्र). मागच्या सेशनला त्यांचा पॅलॅडिन (धर्मयोद्धा) डिसइंटिग्रेट या स्पेलनं मेला, मूठभर राख उरली फक्त. क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) ट्रू रिझरेक्शन हा मेलेल्याला उठवणारा स्पेल आहे पण त्याला लागणारे २५,००० जीपीचे (सोन्याच्या नाण्यांचे) हिरे नाहीत आणि जिथे अडकलेत तिथे हिरे विकणारं कोणी नाही. विझर्ड म्हणतो मी विश टाकून हिरा बनवतो. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो बनव, पण वस्तू काही हवेतून येत नाही, ती कोणाच्या तरी खजिन्यातून उचलली जाईल, बहुतेक ड्रॅगनच्या, आणि मग तो ड्रॅगन तुमच्या मागे लागेल. तिसरा एक प्लेअर म्हणून राहिला की हिरा कशाला, जहाज मागू नाहीतर वाडा मागू. तर दादा, नियमानं कोण बरोबर आणि सगळ्यात फायद्याची वस्तू कोणती, असा प्रश्न आहे.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. हिऱ्याच्या बाबतीत विझर्ड बरोबर आहे, डीएम नाही. जहाज आणि वाडा दोन्ही अडतात, ते कुठे अडतात ते खाली येईलच. आणि फायद्याची वस्तू कोणती हे किमतीवरून ठरवायचं नसतं, जी वस्तू या जागी, या घडीला, या आकारात कुठूनच मिळणार नाही तीच विशनं मागायची. विशनं मागायच्या वस्तूला २५,००० जीपीचा आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे पण बहुतेक प्लेअर तोच पकडून बसतात, आणि म्हणून एवढा मोठा स्पेल कुठल्यातरी विकाऊ वस्तूवर खर्च होऊन जातो.

आता नियम नीट पाहू. विशचा मुख्य उपयोग म्हणजे आठव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही स्पेल जसाच्या तसा उतरवणं, त्यात महागडं साहित्य लागत नाही, कास्टिंग टाइम लागत नाही, स्पेल थेट लागू होतो आणि अंगावर काहीच येत नाही. त्याच्या खाली आणखी काही परिणाम लिहून दिलेले आहेत, त्यातला वस्तूचा असा: २५,००० जीपीपर्यंत किमतीची, मॅजिक आयटम नसलेली एक वस्तू तुम्ही तयार करता, कुठल्याही बाजूनं ३०० फुटांपेक्षा मोठी नको, आणि ती तुम्हाला दिसणाऱ्या मोकळ्या जागेत जमिनीवर प्रकट होते. २०१४ च्या पुस्तकातही हेच आहे आणि २०२४ च्या नव्या पुस्तकातही हेच. तयार करता असं स्पष्ट लिहिलंय, कुठून आणता असं कुठेही नाही.

मग डीएमच्या डोक्यात ड्रॅगनचा खजिना आला कुठून? तेही मला समजतं कारण ते २०१४ च्या त्याच पानावर आहे, फक्त दुसऱ्या परिच्छेदात. दिलेल्या परिणामांच्या पलीकडचं काही मागितलं तर डीएमला मोकळीक आहे, जितकी मोठी इच्छा तितकी काहीतरी बिघडायची शक्यता जास्त, असं तिथे लिहिलंय. आणि उदाहरण दिलंय की लेजेंडरी मॅजिक आयटम किंवा आर्टिफॅक्ट (अतिदुर्मिळ जादूची वस्तू) मागितला तर तुम्ही थेट त्या वस्तूच्या सध्याच्या मालकासमोर जाऊन पडू शकता. तुमच्या डीएमनं हे आर्टिफॅक्टचं उदाहरण साध्या हिऱ्याला लावलं. पण हिरा यादीतला परिणाम आहे, त्याला पलीकडचा परिच्छेद लागूच होत नाही. डीएमला हे चारचौघात भांडून सांगू नका, सेशनच्या आधी दोघांनी बसून तेवढं पान वाचा, मोजून दहा मिनिटांचं काम आहे.

मी स्वतः बरीच वर्षं डीएम करतो, रविवारी धरमपेठेत आमचं टेबल असतं, आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे: यादीत लिहिलेला विश डीएमनं वाकडा करायचा नाही. कारण त्याची किंमत प्लेअरनं आधीच मोजलेली असते आणि ती किंमत लहान नाही. दुसरा स्पेल उतरवणं सोडून विशनं काहीही केलं की ताण येतो. पुढच्या लॉंग रेस्टपर्यंत (मोठ्या विश्रांतीपर्यंत) जो स्पेल टाकाल त्याच्या प्रत्येक लेव्हलला एक डी१० (दहा बाजूंचा फासा) नेक्रॉटिक डॅमेज, म्हणजे स्वतःलाच इजा, आणि ते कशानंच कमी होत नाही, थांबवता येत नाही. म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा एक फायरबॉल टाकला की स्वतःलाच तीन डी१०, सरासरी साडेसोळा. वरून स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) घसरून ३ वर येते, दोन डी४ (चार बाजूंचे फासे) पडतील तितके दिवस तशीच राहते, पडून आराम केला तर त्या प्रत्येक दिवशी बरं व्हायचे दोन दिवस कमी होतात. स्ट्रेंग्थ ३ म्हणजे अंगावर वाहून न्यायची मर्यादा ४५ पाउंड, दोन-चार पुस्तकं, अंथरूण आणि आठवडाभराची शिदोरी एवढ्यातच विझर्ड वाकतो. आणि सगळ्यात शेवटी ३३ टक्के शक्यता की तो विझर्ड आयुष्यात पुन्हा कधीच विश टाकू शकणार नाही.

हा ३३ चा आकडा लोक नीट मनावर घेत नाहीत. तीन वेळा असा ताणाचा विश टाकला तर तिन्ही वेळा वाचायची शक्यता तीसच टक्के राहते. म्हणजे एका विझर्डच्या वाट्याला सरासरीनं असे तीनच विश येतात, तिसऱ्याच्या आसपास दार कायमचं बंद. ज्यानं एवढं पणाला लावून नुसता दगडाचा एक तुकडा मागितला त्याच्या मागे वरून ड्रॅगन सोडायचा हे मला पटत नाही. त्यानं होतं काय, की पुढच्या वेळी प्लेअर वकिलासारखा अर्धा पान मजकूर लिहून आणतो आणि सेशनचा एक तास त्या मजकुरात भोकं शोधण्यात जातो, आणि गोष्ट तिथेच थांबून राहते. हे मी बऱ्याच टेबलांवर पाहिलंय.

ही वाकडं करायची सवय जुन्या काळातून आलेली आहे, तेव्हा तिला कारणही होतं. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डीएनडीच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये विश आहे पण आजच्यासारखी ठराविक परिणामांची सोयीची यादी त्यात नाही, सगळं डीएमवरच सोडलेलं, त्यामुळे तेव्हाच्या डीएमच्या हातात लगाम म्हणून शब्दच होते. दुसऱ्या एडिशनमध्ये विश टाकणाऱ्याचं वय पाच वर्षांनी वाढायचं. ३.५ मध्ये, म्हणजे २००३ च्या नियमात, कमीत कमी ५,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) द्यावे लागायचे, आणि २५,००० जीपीपर्यंतची साधी वस्तू तयार करणं तिथेही यादीत होतं. तिथे लोकांनी एक वाट काढली. प्लेनर बाइंडिंग या स्पेलनं एफ्रीटी (आगीचा जिनी) बोलवायचा, तो जिनी नसलेल्यांना तीन विश देतो, आणि ती त्याची अंगची शक्ती असल्यानं एक्सपी कोणालाच लागत नाहीत. मग काय, रोज एक एफ्रीटी आणि रोज तीन वस्तू. त्या काळात डीएमनं एफ्रीटीच्या तोंडून शब्द फिरवले तर मी त्याला दोष देणार नाही, एफ्रीटी मुळात खुनशी प्राणीच आहे, जबरदस्तीनं बांधून आणलेला, तो मनापासून काऊन देईल? पुढे २००९ मध्ये पाथफाइंडर हा त्याच नियमांवरचा दुसरा खेळ आला तेव्हा त्यांनी विशला २५,००० जीपीचा हिराच साहित्य म्हणून लावला आणि साधी वस्तू बनवायचा परिणाम यादीतून काढून टाकला. २५,००० चा हिरा जाळून २५,००० ची वस्तू घेण्यात तसाही अर्थ उरला नसता.

पाचव्या एडिशननं किंमत परत टाकणाऱ्याच्या शरीरावर नेली. त्यामुळे माझा नियम असा आहे की विझर्ड स्वतःच्या ताकदीवर विश टाकत असेल आणि मागणी यादीतली असेल तर जे मागितलं ते चोख द्यायचं. दुसरा कोणी देत असेल, एफ्रीटी म्हणा, सैतान म्हणा, तर देणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे. आणि मागणी यादीबाहेरची असेल तर डीएमची मोकळीक पूर्ण, फक्त फासे टाकायच्या आधी प्लेअरला सांगायचं की बाबा, ही यादीबाहेर चालली.

आता तुमचा हिरा. इथे एक गोष्ट आधी तपासा कारण तिच्यावर पूर्ण विश वाचू शकतो. पॅलॅडिनचं शरीर असतं तर मी म्हटलं असतं हिरा विसरा. रिझरेक्शन सातव्या लेव्हलचा आहे, विझर्ड विशनं तोच उतरवतो, १,००० जीपीचा हिरा लागत नाही, एक तास लागत नाही, एका अ‍ॅक्शनमध्ये पॅलॅडिन उठतो आणि ताण शून्य, पूर्ण दिवसाचा नवव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची संधी) तेवढा जातो. लोक विशच्या खालच्या यादीकडे पाहत बसतात आणि वरचा मुख्य उपयोगच विसरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं, कोणाला तरी कामी पडेल.

पण तुमचा पॅलॅडिन डिसइंटिग्रेट झाला, आणि त्या स्पेलमध्ये स्पष्ट आहे की असा मेलेला फक्त ट्रू रिझरेक्शन किंवा विशनंच परत येतो. म्हणजे रस्ते दोन. एक, विझर्डनं सरळ विश करायचा की पॅलॅडिन जिवंत हो. दोन, विझर्डनं हिरा बनवायचा आणि क्लेरिकनं ट्रू रिझरेक्शन टाकायचा. ताण दोन्हीत तेवढाच. पहिला रस्ता छोटा आहे आणि मी डीएम असतो तर बिनशर्त दिला असता कारण डिसइंटिग्रेटमध्येच त्याची परवानगी आहे. पण तो विशच्या यादीतला परिणाम नाही, आणि तुमचा डीएम कसा विचार करतो ते दिसूनच राहिलं. जिवंत झाला पण राख विखुरली तिथेच उठला, किंवा आठवण गेली, असं काही त्यानं केलं तर तुम्हाला पुस्तकात बोट ठेवायला जागा नाही. दुसऱ्या रस्त्यात दोन्ही पायऱ्या पांढऱ्यावर काळ्या लिहिलेल्या आहेत, हिरा यादीतला आणि ट्रू रिझरेक्शन तर नवं शरीरसुद्धा देतो, दोनशे वर्षांच्या आत मेलेला असला की झालं. म्हणून तुमच्या टेबलवर मी हिऱ्याचाच सल्ला देईन.

हिऱ्यात एक अडचण आहे, ती आधीच सोडवून ठेवा. ट्रू रिझरेक्शनला लागतात कमीत कमी २५,००० जीपीचे हिरे, अनेकवचनात, आणि विश देतो एक वस्तू. एखादा डीएम म्हणेल एक हिरा चालणार नाही. मग कोणीतरी म्हणतो की एकच मोठा हिरा मागून फोडू, किंवा हिऱ्यांचा हार मागू, हार एक वस्तूच ना. हे दोन्ही करू नका. इतवारीच्या सराफ्यात जाऊन कोणालाही विचारा, मोठा खडा फोडला की तुकड्यांची बेरीज कधीच आधीच्या किमतीएवढी होत नाही. आणि हार २५,००० चा मागितला तर त्यात सोनं आलं, घडणावळ आली, ते वजा जाऊन हिरे भरतील वीस-बावीस हजाराचे आणि ट्रू रिझरेक्शन अडकून बसेल. २५,००० ही कमाल आणि त्या स्पेलची किमान एकच आकडा आहे, मध्ये एका जीपीची सुद्धा सूट नाही, म्हणून मागणी एका शुद्ध खड्याचीच ठेवायची आणि एक खडा चालतो हे डीएमकडून आधी कबूल करून घ्यायचं. मी तर चालवतोच, स्पेलला किंमत हवी आहे, नग मोजायचे नाहीत.

आता तिसऱ्या प्लेअरचं जहाज. प्लेअर्स हँडबुकमध्ये वॉरशिप बरोबर २५,००० जीपीची आहे, गॅली ३०,००० ची म्हणजे ती बाहेरच, साधं शिडाचं जहाज १०,००० चं. म्हणून वॉरशिपचा मोह होतो, आकडा अगदी तंतोतंत बसतो. पण दोन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे वस्तू जमिनीवर प्रकट होते, पाण्यावर नाही. किनाऱ्यावर मागितली तर एवढं मोठं धूड वाळूत एका अंगावर कलून पडलेलं मिळेल, ते पाण्यात ढकलायला शंभर माणसं आणायची कुठून? मी यावर विचार केलाय, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात मागायची आणि भरतीची वाट पाहायची, हे मला मान्य आहे, असं कोणी माझ्या टेबलवर सुचवलं तर मी आनंदानं देईन. दुसरं म्हणजे वस्तू कशाला म्हणायचं. डंजन मास्टर्स गाइडमध्ये ऑब्जेक्ट म्हणजे खिडकी, दार, तलवार, पुस्तक, दगड अशी सुटी निर्जीव गोष्ट, अनेक वस्तू जोडून बनलेली इमारत किंवा वाहन नाही. २०२४ च्या व्याख्येतही इमारत अनेक वस्तूंची बनलेली धरलीय. या व्याख्येनं जहाज जातं आणि वाडाही जातो. वाड्याचा आकडा पण मोहाचाच आहे, २०१४ च्या गाइडमध्ये जमीनजुमल्यासकट सरदाराची हवेली २५,००० जीपी आणि बांधायला १५० दिवस, आणि इथे एका अ‍ॅक्शनमध्ये उभी. छोटा किल्ला ५०,००० चा, तो तसाही मर्यादेबाहेर.

काही लोकांचं म्हणणं असतं की मग ३०० फुटांची मर्यादा दिली काऊन, एवढी मोठी सुटी वस्तू असते तरी कुठे, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मनात जहाज-इमारतच असणार. हा मुद्दा हलका नाही आणि म्हणूनच मी जहाजाला ठाम नाही म्हणत नाही, टेबलनं ठरवावं. पण ३०० फुटांची एकसंध वस्तू असू शकते, आणि विशची खरी ताकद मला तिथेच दिसली.

आमच्या एका जुन्या कॅम्पेनमध्ये डोंगरी किल्ला होता, नकाशा मी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावरून घेतला होता, थोडा बदलून. किल्ल्याकडे येणारी खिंड २४० फूट रुंद आणि पलीकडून हॉबगोब्लिन राक्षसांची फौज चालून येत होती, दोन दिवसांवर. विझर्ड खेळणाऱ्या मित्राचा हिंगणा एमआयडीसीत लोखंडी प्लेटचा धंदा आहे. त्यानं पुस्तकातला व्यापारी मालाचा तक्ता काढला, लोखंड एक पाउंड एक सिल्व्हर पीस (जीपीचा दहावा भाग). म्हणजे २५,००० जीपीत अडीच लाख पाउंड लोखंड, ११३ टनांच्या वर. मग त्यानं रोजचा हिशोब लावला, एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर प्लेटचं वजन ७.८५ किलो, आणि तिथल्या तिथे मोबाइलवर काढून दाखवलं की ३०० फूट लांब, २० फूट उंच आणि २५ मिलिमीटर जाड अशी अखंड प्लेट २४,१०० जीपीच्या आसपास बसते. सरळ उभी केली तर वाऱ्यानं पडेल म्हणून त्यानं ती नागमोडी मागितली, २४० फुटांच्या खिंडीत ३०० फुटांचा पत्रा वळणं घेत बसवला म्हणजे तो स्वतःच्या वळणांवर उभा राहतो. एक वस्तू, जादू नाही, मोकळी जागा, डोळ्यासमोर, जमिनीवर. एकही अट मोडत नव्हती.

मी दिली. खिंडीची जमीन वरखाली होती म्हणून खाली जागोजागी फटी राहिल्या, त्यातून हॉबगोब्लिननं बरोबर आणलेले लहान गोब्लिन रात्री सरकून आले आणि पुढची लढाई त्या फटींवर झाली. हे मी त्याच्या विशला वाकडं केलं नाही, सपाट खालची कड मागितली होती तर सपाटच दिली. जमीन कशी आहे ते त्याला आधीच सांगितलेलं होतं. विझर्ड स्ट्रेंग्थ ३ घेऊन बुरुजावर खाटेवर पडून सगळं पाहत होता. फौज तीन दिवस तिथेच अडकली आणि तेवढ्यात मदत पोचली. आमच्या ग्रुपमध्ये अजूनही कोणाला विश म्हटलं की ती प्लेट आठवते, आणि तेवढ्याच किमतीचं सोनं मागितलं असतं तर कोणाला आठवलं नसतं.

सोन्याचाही हिशोब करून ठेवा म्हणजे मोह सुटेल. पन्नास नाण्यांचा एक पाउंड, म्हणून २५,००० नाणी ५०० पाउंड, सव्वादोनशे किलोच्या वर. नाण्यांचा ढीग एक वस्तू होत नाही, एक लगड होते, आणि ती लगड जेमतेम एक बादलीभर, पण हलवायला चार माणसं, त्यात तुमचा विझर्ड धरायचा नाही. आणि घेऊन करायचं काय? २०१४ च्या गाइडप्रमाणे सतरा आणि त्यावरच्या चॅलेंजच्या (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) एका खजिन्यात सरासरी ४२,००० सोन्याची आणि २८,००० प्लॅटिनमची नाणी असतात, एक प्लॅटिनम म्हणजे दहा सोनं, म्हणजे ३,२२,००० जीपीचा माल एका खजिन्यात, हिरे-माणकं वेगळी. ज्या लेव्हलला विश मिळतो त्या लेव्हलला २५,००० ही रक्कमच राहत नाही. म्हणून म्हटलं, किमतीकडे पाहून मागू नका.

किमतीचाच एक वाद टेबलवर हमखास होतो, तो मिटवून ठेवा. पुस्तकात किंमत असलेली वस्तू असेल तर तीच किंमत. नुसता कच्चा माल असेल तर व्यापारी मालाचा दर. आणि कारागिरी लागते अशी वस्तू, जिची किंमत कुठेच नाही, तिथे मी कच्च्या मालाच्या दुप्पट धरतो, कारण २०१४ च्या हँडबुकमध्ये वस्तू बनवायला बाजारभावाच्या निम्म्याचा कच्चा माल लागतो असंच आहे. त्या हिशोबानं माझ्या मित्राच्या प्लेटला कोणी दुप्पट किंमत लावली असती तर जाडी अर्ध्यावर आली असती. तसं करणारा डीएमही चूक नाही, मी ती ओबडधोबड प्लेट कच्चा माल धरली एवढंच. काय धरणार ते फक्त आधी सांगायचं.

जिथे मी हात आखडता घेतो ती जागा वेगळी आहे: वस्तूच्या नावाखाली माहिती मागणं. राजाच्या मोहरेची हुबेहूब नक्कल, तुम्ही मोहर किंवा तिचा ठसा पाहिलेला असेल, तर माझ्याकडून लगेच, पैशात ती काहीच नाही पण गोष्टीत केवढी मोठी. कुलूप समोर आहे आणि त्याची किल्ली हवी, तीही देईन. पण लिचनं (मेल्यावरही टिकून राहिलेल्या जादूगारानं) आपला जीव कुठे लपवला ते लिहिलेली डायरी तयार कर, किंवा न पाहिलेल्या भुयाराचा बरोबर नकाशा, यात कागद-शाई फक्त निमित्त आहे, मागितलं ते ज्ञान, आणि ज्ञान यादीत नाही. तिथे डीएमची मोकळीक सुरू होते. डायरी मिळेल, पण तिच्यात तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलेलं असेल असं मी आधीच बोलून टाकतो. विषाच्या बाटल्यांचंही तसंच विचारतात लोक, पर्पल वर्मचं विष २,००० जीपीला एक डोस, मग बारा डोसांचा एक रांजण एक वस्तू का नाही? रांजण एक वस्तू, आतला माल वेगळा, माझ्या टेबलवर नाही चालत, दुसऱ्याच्या चालत असेल तर चालू दे.

आणि छोट्या कामाला विश वापरायच्या आधी खालचे स्पेल पाहत जा. फॅब्रिकेट चौथ्या लेव्हलचा, कच्चा माल समोर असेल तर दहा मिनिटांत झाडांचा पूल, अंबाडीचा दोर, फक्त शस्त्र-दागिने-काच अशा नाजूक कामाला त्या अवजारांची प्रोफिशिअन्सी (कसब) हवी. क्रिएशन पाचव्या लेव्हलचा, तो शून्यातून वस्तू देतो पण टिकत नाही, लाकूड-कापड एक दिवस, दगड बारा तास, सोनं-चांदी एक तास, रत्नं दहा मिनिटं. आणि क्रिएशनचा हिरा दुसऱ्या स्पेलचं साहित्य म्हणून वापरला तर तो स्पेल फसतो, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही, हे कोणीतरी सुचवेलच म्हणून सांगतो. घाई असेल तर विशनं हेच दोन्ही स्पेल एका अ‍ॅक्शनमध्ये उतरवता येतात, ताणाशिवाय.

मग तुम्ही येत्या सेशनला असं करा. विश दिवसाच्या अगदी शेवटी टाकायचा, पार्टी सुरक्षित जागी आल्यावर, विझर्डला दुसरा कुठलाच स्पेल टाकायचा नसेल तेव्हा, म्हणजे लॉंग रेस्ट संपला की डी१० चं डॅमेज संपलं आणि राहिली फक्त स्ट्रेंग्थ. ट्रू रिझरेक्शनला एक तास लागतो, तो क्लेरिकनं त्याच रात्री टाकला तरी चालेल, ताण विझर्डला आहे, क्लेरिकला नाही. विझर्डचं सामान दुसऱ्या कोणीतरी उचलून ठेवा, विझर्डच्या पाठीवर आता काही द्यायचं नाही. बोलायचं एवढंच: माझ्या समोरच्या फरशीवर, पैलू पाडलेला, जादू नसलेला, २५,००० जीपी बाजारभावाचा एक अखंड हिरा. डीएम हो म्हणाला की स्ट्रेंग्थसाठी दोन डी४ टाका, मग डी१०० (शंभरपर्यंतचा फासा), तो सगळ्यांसमोर, ३३ किंवा खाली आला तर त्या विझर्डचा विश संपला.